नर्मदीच्या बशीतली होडी

पंढरी ढवळे पहिल्यांदा बोईसर स्टेशनवर उतरला तेव्हा त्याला समुद्र माहीत नव्हता, आणि चिनी मातीची भांडी टपरीवरच्या कपबशीपलीकडं माहीत नव्हती. जामखेडकडच्या माणसाला या दोन्ही गोष्टी माहीत असायचं काही कारणही नव्हतं. तारापूरच्या एमआयडीसीत कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो ऑपरेटर म्हणून चिकटला आणि पुढची एकतीस वर्षं तिथंच राहिला. पाळी संपवून घरी यायचा तो कधी निळा, कधी पिवळा, तर कधी जांभळा होऊन. लग्नाच्या पहिल्या महिन्यात उशीचे अभ्रे धुता धुता त्याच्या बायकोनं, सुगंधानं, विचारलं होतं, "तुम्ही नोकरीला जाता की रोज रंगपंचमीला?" नंतर तिनं अभ्रे काळे शिवून घेतले आणि तो विषय मिटला.

छंदाला निमित्त लागतं. पंढरीचं निमित्त भंगारात पडलं होतं. कूलरच्या मोटारीसाठी एक नट हवा होता म्हणून तो नाक्यावरच्या रामकिसन भंगारवाल्याकडं गेला. रामकिसननं नटबोल्टनी भरलेला एक वाडगा पुढं सरकवला. पंढरीनं आत बोटं घातली, थोडं उकरलं, तर तळाशी त्याला एक निळा मासा दिसला. त्यानं वाडगा सरळ पालथा केला. नटबोल्ट टेबलभर पसरले, काही खाली गडगडले.

"अरे भाईसाब, ये क्या कर रहे हो?" रामकिसन ओरडला.

पंढरीचं लक्ष नव्हतं. वाडग्याच्या आत पाच मासे एकामागं एक गोल फिरत होते. प्रत्येक मासा ब्रशच्या एकाच फटकाऱ्यात काढलेला, पाचवा जरा घाईत. बाहेरच्या तळाला माशाच्या शेपटीची खूण आणि त्याखाली ‘दा’ हे अक्षर होतं. नट न घेता, वाडगा घेऊन तो घरी आला. धुतल्यावर ते निळे मासे असे काही उजळले की पंढरीला चक्क राग आला. आपण टनावारी रंग बनवतो आणि तो चार धुण्यांत उडतो. आणि हा कुणीतरी हातानं लावलेला रंग, वर्षानुवर्षं लोखंड अंगावर घेऊन जसाच्या तसा! हे त्याला आपल्या नोकरीचा अपमान वाटलं. अपमानाचा छडा लावायला तो निघाला आणि त्यातच अडकला.

छडा लागायला आठ महिने गेले. केळव्यात सुपारीच्या एका वाडीत पूर्वी दातार नावाचे ड्रॉइंगमास्तर राहायचे. एकोणीसशे त्रेपन्नच्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली आणि वाडीत भट्टी घातली. माती गुजरातेतून यायची, चाकावर मास्तर स्वतः बसायचे आणि रंगकामाला केळवे, मुरबे, नवापूरच्या मुली असायच्या. माल मुंबईच्या दुकानांत जायचा. तडा गेलेला, वाकडा झालेला माल मुलींच्या घरी. तेरा वर्षांनी मास्तर गेले आणि भट्टी थंड झाली. आता तिथं पाहुण्यांसाठी खोल्या आहेत, आणि भट्टी होती तिथं पोहायचा तलाव आहे. तलावाच्या मालकाला पंढरीनं हे सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "असं का? बरं."

मुंबईला गेलेल्या मालाचं काय झालं ते देव जाणे. पंढरीच्या वाट्याला आला तो वाकडा आणि तडकलेला माल. सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढायची, एखादं गाव गाठायचं आणि लोकांच्या मोऱ्या, माळे, कोंबड्यांच्या पाण्याची भांडी बघत हिंडायचं. लोक आधी संशयानं बघायचे, मग हसायचे, मग चहा द्यायचे. एकेक करत एक्केचाळीस नग जमले: बश्या, वाडगे, बरण्या, दोन किटल्या, एक मिठाचं भांडं. प्रत्येकाची वहीत नोंद. कुठं मिळालं, कुणी दिलं, रंग कसा, हात कुणाचा. मुलींची नावं ठाऊक नव्हती, म्हणून त्यानं आपणच नावं ठेवली होती. मोठ्या डोळ्यांचे मासे काढणारी ती ‘डोळेवाली’, कामाचा कंटाळा करणारी ती ‘घाईवाली’. एकदा सुगंधानं सतरा नंबरच्या बरणीत लिंबाचं लोणचं घातलं. पंढरीनं ते काढून डब्यात भरलं. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. रिकामी बरणी कपाटात ठेवून तिच्याकडं बघत बसणारी माणसं सुगंधाच्या माहेरात झाली नव्हती, त्याला ती तरी काय करणार?

नग यायचे ते चुन्याचे थर, गंज, तेलाचं किटण घेऊनच. तिथं कारखाना कामी आला. पंढरीची एक रीत होती. पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही. शंभराला पाच. हातमोजे घालून नग टबात बुडवायचा, दोन तासांनी मऊ ब्रश फिरवायचा, मग सोड्याच्या पाण्यातून काढायचा. घाण सगळी निघून जायची आणि रंगाला ओरखडासुद्धा यायचा नाही. कारण रंग झिलईच्या खाली होता. आधी मातीवर रंग, मग वरून काचेसारखी झिलई, मग भट्टी. काचेखालच्या रंगाला ॲसिड काय करणार? हे पंढरीनं कुठं वाचलं नव्हतं, स्वतः शोधून काढलं होतं. त्याचा त्याला गर्व होता आणि चारचौघांत तो लपायचाही नाही.

एकच गोष्ट सलत होती. एक्केचाळीस नगांत तांबडा रंग कुठंच नव्हता. सगळं निळं, थोडं हिरवं. तांबडा मास्तरांच्या भट्टीत टिकतच नव्हता, जळून काळा पडायचा, असं केळव्यातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं. पंढरीनं वहीत लिहून ठेवलं, ‘दातार भट्टीत तांबडा नाही,’ आणि खाली रेघ मारली.

निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत ती रेघ खोडावी लागली. नवापूरला वत्सला तामोरे यांच्या घरात, चुलीमागच्या भिंतीवर, तारेच्या फासात अडकवलेली एक बशी होती. खाली निळा समुद्र, चार लाटा. वर होडी. होडीचं शीड तांबडं भडक, डोलकाठीच्या टोकाला पिवळा बावटा. पंढरी चपला काढायचं विसरला आणि तसाच आत गेला.

वत्सलाबाई तेव्हाच पंचाहत्तरीच्या होत्या. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. बशी कुणाची विचारल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"मांज्या बहिनीनं काढली. नर्मदीनं. मांज्याहून सा वर्सांनी मोठी. मास्तरांकडं कामाला जायाची. लाल रंग नाय ऱ्हात म्हनून मास्तर सांगत व्हते, पन तिनं हट्टच धरला. बापसाच्या होडीचं शीड लालच व्हतं, मंग निळं कसं काढाचं? मंग मास्तरांनी तिच्यासाठी परत येकदा हलकी भट्टी लावली. तिचं लगीन ठरलं व्हतं. ही बशी तिनं मला दिली, आन् वर्सभरात ती गेली. पयल्या बाळतपनात. तिचा फोटू नाय, काय नाय. ही बशी हाय."

बोलता बोलता त्या उठल्या, भिंत चाचपत बशीपाशी गेल्या आणि बशीवरून बोटं फिरवली. "रोज बघते मी तिला. हे शीड. ही डोलकाठी. हाताला लागते होडी. बापूस तर हिला बघून हसाचा."

पंढरीनं ‘बापूस का हसायचा?’ असं विचारलं नाही. त्यानं विचारलं, "मावशी, हलकी भट्टी म्हणजे किती तास?" ते वत्सलाबाईंना ठाऊक नव्हतं. मग त्यानं मोबाइलवर बशीचा फोटो काढला, वहीत भराभरा लिहून घेतलं आणि शेवटी विचारायचं ते विचारलं. "ही बशी मला द्याल?"

"नाय," वत्सलाबाई म्हणाल्या.

त्यात राग नव्हता, आढेवेढे नव्हते, म्हणून पंढरीला आशा वाटली. हावऱ्या माणसाला कशाचीही आशा वाटते. तो दर दोन महिन्यांनी नवापूरला जाऊ लागला. जाताना फरसाण न्यायचा, येताना वत्सलाबाई सुके बोंबील बांधून द्यायच्या. गप्पा व्हायच्या, चहा व्हायचा, निघताना पंढरी उंबऱ्यात घुटमळून विचारायचा आणि त्या म्हणायच्या, "नाय." घरी पोचल्यावर सुगंधा दारातच विचारायची, "दिली का?"

"नाही."

"बोंबील तरी दिले ना? आणा इकडं."

अशी सहा वर्षं गेली. एक शब्द हवा होता त्याला, ‘न्या’. वत्सलाबाईंच्या तोंडून तो निघाला की आपला संग्रह पुरा झाला, मग डोळे मिटले तरी हरकत नाही, असं तो सुगंधाला म्हणाला होता. ती म्हणाली होती, मिटा, पण आधी गॅसचा नंबर लावून या.

गेल्या वर्षी तामोऱ्यांचं कौलारू घर पाडून तिथं स्लॅबचं झालं. गवंड्यांनी गिलावा करताना भिंतीजवळच्या सामानावर नुसतं कापड टाकलं होतं. कापडाखाली गुंडाळून ठेवलेल्या बशीवर पातळ सिमेंट झिरपलं आणि दगड झालं. सामान लावताना नात उन्नतीच्या ते लक्षात आलं. अर्ध्याहून जास्त होडी करड्या थराखाली गेली होती. फरशीचे डाग काढायचं ॲसिड घरात आणलेलंच होतं, उन्नती ते ओतणारच होती. वत्सलाबाईंनी तिला थांबवलं.

"तुज्या हातात नको. ते बोईसरचे भाऊ हायेत ना, कंपनीवाले. त्यांना कळते त्यातलं. त्यांना फोन लाव."

पंढरी तासाभरात हजर झाला. वत्सलाबाईंनी बशी दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिली. "खरखरीत झाली बगा. आता होडी हाताला लागत नाय. मला ती लागली पायजे, येवढंच करा."

"काळजीच सोडा, मावशी," पंढरी म्हणाला.

बशी मांडीवर धरून तो रिक्षानं परत आला. त्या दिवशी स्कूटर घेऊन जायचा त्याला धीर झाला नव्हता. आनंद तर इतका झाला होता की बाजूला बसलेल्या परक्या बाईला त्यानं बशीचा इतिहास ऐकवला. मनात एक हिशोबही होता, तो लपवण्यात अर्थ नाही. बशी अशी लखलखीत करून द्यायची की वत्सलाबाईंच्या तोंडून ‘न्या’ आपोआप निघावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं टब मांडला. पाण्यात ॲसिड. शंभराला पाच. सिमेंट जाड होतं म्हणून थोडं जास्त. बशी बुडवली, बारीक बुडबुडे येऊ लागले, सिमेंट खायला सुरुवात झाली. पंढरी जेवला, थोडा लवंडला आणि दोन तासांनी उठून बाथरूममध्ये गेला. टबातलं पाणी फिकट गुलाबी झालं होतं. सिमेंटात गंज असेल, असं त्याला वाटलं. त्यानं मऊ ब्रश फिरवला. सिमेंट अगदी सहज सुटलं. सिमेंटाबरोबर शीडही सुटलं. ब्रशला तांबडा चिखल लागला, मग पिवळा, आणि होडी होती तिथं पांढरी बशी उरली. खालच्या निळ्या लाटा होत्या तशाच होत्या.

पंढरीनं ब्रश खाली ठेवला. तो बाथरूमच्या उंबऱ्यावर बसला. बऱ्याच वेळानं उठून त्यानं वही काढली. सहा वर्षांपूर्वीच्या पानावर त्याच्याच अक्षरात दोन ओळी होत्या. ‘तांबड्यासाठी दुसऱ्यांदा हलकी भट्टी.’ आणि त्याखाली, ‘होडी हाताला लागते, असं म्हणतात.’ हाताला लागणारा रंग झिलईच्या वर असतो. वरून लावलेला, कच्चा भाजलेला रंग ॲसिडात टिकत नाही. हे कारखान्यातल्या नव्या हेल्परनंसुद्धा सांगितलं असतं. बाईनं सगळं सांगितलं होतं, यानं सगळं लिहूनही घेतलं होतं, फक्त ऐकलं नव्हतं.

सुगंधानं बशी पाहिली. एरवी तिला या भांड्यांचं काही नव्हतं, पण ती खाली बसली.

"जाऊन सांगा," ती म्हणाली.

"त्यांना दिसत नाही, सुगंधा."

"म्हणून?"

पंढरीनं बशी पुसून कपाटात ठेवली. चार दिवस तो जेवला नाही नीट, पण नवापूरलाही गेला नाही. पाचव्या दिवशी तो मुरब्याला गेला. तिथं प्रीतम नावाचा एक रंगारी होता. होड्यांवर नावं, डोळे, फुलं, देव असं सगळं रंगवायचा आणि त्याचा हात चांगला होता. पंढरीनं मोबाइलवरचा जुना फोटो दाखवला. रंग मात्र पंढरीनं स्वतः बसून जुळवला. तीनदा फेकला, चौथ्यांदा तोच तांबडा साधला. एकतीस वर्षांच्या नोकरीत इतका मन लावून रंग त्यानं कधी केला नसेल. शीड हाताला लागावं म्हणून प्रीतमला दोन थर जाड द्यायला लावले. तासाभरात होडी पुन्हा समुद्रावर आली. फोटोशी ताडून बघताना पंढरीला हायसं वाटलं. तो बघत होता तो फक्त रंग.

"येक चूक व्हती काका, ती पन नीट केली," ब्रश पुसत प्रीतम म्हणाला.

"बरं केलंस," पंढरी म्हणाला. कुठली चूक, हे विचारायला तो थांबला नाही. रंगाचा वास जाईपर्यंत आठ दिवस त्यानं बशी गच्चीवर उन्हात ठेवली.

नवव्या दिवशी तो नवापूरला गेला. फरसाण न्यायचं त्याला सुचलं नाही. तामोऱ्यांच्या नव्या घरात भिंतींना अजून ओल होती आणि वत्सलाबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीत दाराशी बसल्या होत्या. बशी बघून उन्नती ओरडलीच, "आजी, नवीकोरी दिसते! आतापर्यंत कधी अशी पायली नव्हती."

वत्सलाबाईंनी बशी मांडीवर घेतली. आधी कडेवरून हात फिरवला, मग मधे आल्या. "शीड," त्या म्हणाल्या. पंढरीनं श्वास सोडला. "डोलकाठी." बोट काठीच्या टोकापर्यंत चढलं आणि उजवीकडं वळलं. तिथं थोडं फिरलं. परत काठीवर आलं, परत उजवीकडं गेलं. मग सावकाश डावीकडं गेलं आणि तिथंच थांबलं.

"उन्नती, बावटा कुठं हाय गो?"

"हा काय, तुज्या बोटाखालीच. शिडाच्या वर, डावीकडं."

"शीड पन डावीकडंच फुगलंय?"

"हो. वारा तिकडं हाय ना, मंग बावटा पन तिकडंच ना आजी."

उन्नती हसत पंढरीकडं वळली, पण त्याचा चेहरा बघून तिचं हसू थांबलं. पंढरीला अजून काही कळलं नव्हतं. फक्त काहीतरी फार वाईट झालंय, एवढं कळलं होतं.

"नर्मदी होडीत कधी बसली नव्हती," वत्सलाबाई म्हणाल्या. "तवा बायकांना कोन बसवतोय होडीत? काठावरनं पायलं आन् काढलं. शीड इकडं, बावटा तिकडं. बापसानं बशी हातात घेतली आन् म्हनाला, ‘नर्मदे, तुज्या होडीला दोन वारे लागलेत काय गो?’ सगली हसली. ती पन हसली. लाजली आन् हसली. ती गेल्यावर बापूस हसला तो फकस्त या बावट्याला हात लावून. मी पन रोज सकाळी त्यालाच हात लावते." त्यांनी बोट तिथून उचललं नव्हतं. "ही होडी कोनी काढली, भाऊ?"

प्रीतम मुरब्याचा होता. वाऱ्याच्या उलट उडणारा बावटा त्याच्या हातून उतरणं शक्यच नव्हतं. आणि जामखेडच्या माणसाला सहा वर्षं ती बशी बघूनही त्यात काही चुकलेलं दिसलं नव्हतं.

"एका रंगाऱ्याकडून काढून घेतली," पंढरी म्हणाला.

"आन् नर्मदीची?"

"गेली, मावशी. ॲसिडात गेली. माझ्या हातून गेली." एवढं बोलल्यावर त्याला थांबवेना. "तुम्ही सांगितलं होतं, हाताला लागते. मी वहीत लिहिलं होतं. माझ्या लक्षात यायला हवं होतं. माझी चूक झाली."

"काका!" उन्नती म्हणाली. वत्सलाबाईंनी हात वर करून तिला गप्प केलं.

"मला येवून सांगाचं व्हतं."

"लाज वाटली."

"आंधलीला काय कळतंय, असं वाटलं तुमाला."

पंढरीनं मान खाली घातली. हेच आणि एवढंच वाटलं होतं.

होडीच्या रंगाचं थिनर घरात असायचंच. वत्सलाबाईंनी उन्नतीला ते आणायला सांगितलं, एक फडकं आणायला सांगितलं आणि दोन्ही पंढरीपुढं ठेवायला लावलं. "ही पुसा," त्या म्हणाल्या. पंढरी उंबऱ्याशी खाली बसला आणि पुसू लागला. शीड गेलं, डोलकाठी गेली, सरळ केलेला बावटा गेला. फडकं तांबडं झालं. त्यानं बशी धुऊन, कोरडी करून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी तळवा सगळीकडून फिरवला. बशी गुळगुळीत होती.

"कायच नाय ऱ्हायलं?"

"समुद्र आहे, मावशी," पंढरी घाईनं म्हणाला. "चारही लाटा आहेत. तो रंग झिलईच्या खाली होता, त्याला काही झालं नाही. तो नर्मदाबाईंच्याच हातचा आहे."

वत्सलाबाईंनी पुन्हा हात फिरवला. खाली, लाटा होत्या तिथं, बराच वेळ शोधलं.

"तो हाताला लागत नाय," त्या म्हणाल्या.

बाहेर कुणीतरी जाळं ओढत चाललं होतं, त्याचा आवाज दारावरून पुढं गेला. वत्सलाबाईंनी बशी उचलली आणि पंढरीचा आवाज आला होता त्या दिशेला धरली.

"न्या."

"मावशी..."

"न्या भाऊ. तुमाला पायजे व्हती ना? आता न्या."

त्यांनी ती तशीच धरून ठेवली. हात थरथरायला लागले तेव्हा पंढरीला ती घ्यावी लागली. उन्नतीनं आत जाऊन एक जुना पेपर आणून दिला. बोंबील कुणी बांधून दिले नाहीत.

घरी पोचला तेव्हा सुगंधा दारातच होती. रंगवलेली बशी घरी आणल्यापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली होती. पण हातात बशीच्या आकाराचा पेपर बघून सहा वर्षांच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "दिली का?"

"दिली," पंढरी म्हणाला, आणि बशी छातीशी धरून जिन्यातच रडू लागला.